बिर्गिटताईंची नेमणूक

कंपनीचा एमडी कसा नेमतात हे मला माहीत आहे, अशी माझी समजूत होती. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या टिपणीस रबर प्रॉडक्ट्स प्रायव्हेट लिमिटेडमध्ये ही घटना माझ्या डोळ्यांदेखत एकदा घडली होती. थोरले टिपणीस खुर्चीतून उठले, धाकटे टिपणीस खुर्चीत बसले, सगळ्यांना एकेक पेढा मिळाला आणि मशीनं पुन्हा सुरू झाली. कागदपत्रं काही झाली असतील तर ती माझ्या दृष्टीस पडली नाहीत. त्यामुळे तेच धाकटे टिपणीस, म्हणजे आता पंचाहत्तरीला टेकलेले आमचे शशिकांत टिपणीससाहेब, गणपतीनंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "कर्णिक, आपण बिर्गिटबाईंना एमडी करतोय, तेवढं कायदेशीर बघून घ्या," तेव्हा मी म्हणालो, "साहेब, दोन कागदांचं काम. आठवड्यात करतो."

एवढं महागात पडलेलं दुसरं वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही. लग्नाला होकार दिला तेव्हाही मी इतका बेसावध नव्हतो.

बिर्गिट ही डेन्मार्कची. आम्ही दूध काढायच्या यंत्रांना लागणाऱ्या रबरी रिंगा बनवतो आणि त्यातल्या बहुतेक तिच्या कंपनीत जातात. गेली कित्येक वर्षं ती माल तपासायला यायची. रिंग हातात घ्यायची, ताणायची, वास घ्यायची आणि शंका आली तर चक्क चावून बघायची. आता ती तिथून निवृत्त झाली होती आणि आमचा कारखाना चालवायला तयार होती. डेन्मार्कवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. बिर्गिट चालवणार असेल तर ऑर्डर चालू, नाही तर ते दुसरीकडे बघणार. आणि साहेबांच्या मुलीचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ती कॅनडात. ऑर्डर गेली तर प्लॉट बिल्डरला द्यायचा आणि बाबांनी कायमचं तिकडे यायचं. बिल्डरचा माणूस एकदा येऊन टेप लावून गेलाही होता.

"मागच्या वर्षी आजारपणात सात महिने काढले मी तिथे," साहेब फायलीकडे बघत म्हणाले. "खिडकीतून बर्फ बघायचा आणि सूप प्यायचं. कर्णिक, मला परत तिथे पाठवू नका."

आयुष्यभर ज्यांनी मला आज्ञा केल्या त्यांनी ही विनंती केली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझ्या अंगात नको इतका उत्साह येतो.

त्या उत्साहातच मी उल्हासनगरला राजसीकडे गेलो. राजसी कंपनी सेक्रेटरी आहे. जीन्सच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस आहे, आणि तिथे जायचं तर दुकानातूनच जिना चढावा लागतो. खालचे शेठ प्रत्येकाला "साईं, कौनसा साइज?" असं विचारतात. मी कायद्याच्या कामाला आलोय म्हटल्यावर त्यांनी माझ्या कमरेकडे बघून कायद्यापेक्षा मोठा साइज काढला.

राजसी वयानं माझ्या मुलाएवढी, पण तिनं कायदा सांगायला सुरुवात केली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. काय तो कायदा! माणूस काय काय करू शकेल याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय. ती म्हणाली, "काका, तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात म्हणून वाचलात. पब्लिक कंपनी असती तर एमडी होण्याआधी बाईंना सलग बारा महिने भारतात राहावं लागलं असतं, नाही तर केंद्र सरकारची परवानगी."

"म्हणजे दोनच कागद?"

"डेन्मार्कची सीमा आपल्या देशाला लागून नाही ना?"

"नसावी," मी म्हणालो.

"लागून असती तर गृहखात्याची मंजुरी लागली असती."

डेन्मार्क जिथे आहे तिथे असल्याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. पण राजसी थांबली नव्हती. बाईंना संचालक म्हणून नंबर घ्यावा लागेल. त्यासाठी पासपोर्टची प्रत त्यांच्या देशात नोटरी करून, त्यावर अपोस्टिल नावाचा शिक्का घ्यावा लागेल. एका देशानं दुसऱ्या देशाला "हा कागद खरा आहे बरं का" असं सांगायचा हा शिक्का. दोन देश माझ्या कंपनीसाठी एकमेकांशी असं बोलणार या कल्पनेनं मी थरारून गेलो. शिवाय इथे काम करायचं तर व्हिसा कामाचाच हवा. येण्याजाण्याच्या व्यावसायिक व्हिसावर बैठकीला बसता येतं, नोकरी करता येत नाही, आणि तो इथे बसून बदलूनही मिळत नाही. परत जाऊन डेन्मार्कमधूनच नवा घ्यायचा. मग इथे येऊन परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. परदेशी माणसाचा पगार इतक्याच्या खाली नसावा, असंही सरकारनं ठरवून दिलंय. माझ्या पगाराबद्दल असा विचार सरकारच्या मनात कधी आला नाही, हे मी राजसीला बोलून दाखवलं. ती फक्त हसली.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. निदान एक संचालक असा पाहिजे की जो वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस तरी भारतात राहिलाय. टिपणीससाहेब?"

टिपणीससाहेब सात महिने बर्फ बघत होते. दुसऱ्या संचालक म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि त्या तर अजून तिथेच होत्या.

राजसीनं माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही?"

मी सत्तावन्न वर्षं सलग भारतातच आहे. भारतात तरी कुठे, मी अंबरनाथातच आहे. एकदा नेपाळला जायचं ठरलं होतं, तेव्हा माझ्या बायकोला, पद्मजाला, कांजिण्या झाल्या. कुठेही न गेल्याबद्दल आजवर मी नातेवाइकांचे टोमणे खाल्ले होते, आणि आता भारताचा कंपनी कायदा त्याच गुणासाठी मला संचालक व्हायला बोलावत होता. मी ताठ बसलो.

संचालक व्हायचं म्हणजे डिजिटल सही हवी, आणि त्या सहीसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून आपलं नाव सांगायचं असतं. बिर्गिटनं डेन्मार्कमधून एका फटक्यात सांगितलं आणि तिची सही मंजूर झाली. माझी नामंजूर. पहिल्यांदा उजेड कमी. दुसऱ्यांदा माझे डोळे मिटलेले. तिसऱ्यांदा मी नाव सांगताना पहिल्या मजल्यावरच्या कमळाबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "अहो, मोठ्यानं सांगा, सरकारला कमी ऐकू येतं." हे सगळं रेकॉर्ड झालं. परकी बाई परक्या देशात मान्य आणि मी माझ्याच घरात अमान्य, याचं मला किती लागलं ते मी पद्मजालाही बोललो नाही. चौथ्यांदा पद्मजानं मला लग्नाचा कोट घालून खिडकीपाशी उभं केलं आणि मी मंजूर झालो.

दसऱ्याच्या आधी बिर्गिट आली. व्यावसायिक व्हिसावर, बैठकीसाठी आणि कारखाना बघायला. हॉटेल नको म्हणाली, म्हणून अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच घरी, मुलाच्या रिकाम्या खोलीत उतरली. घरी परदेशी पाहुणा आला की यजमानानं चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, हे राजसीनं बजावलं होतं. मी दोन तासांत कळवलं. इतक्या तत्परतेचं फळ मला पुढे मिळणार होतं.

बाई म्हणजे काय बाई! सहा फूट उंच, केस पांढरेशुभ्र, पहाटे उठून आमच्या गळक्या नळाचा वायसर बदलून मोकळी. जुना वायसर तिनं चावून बघितला आणि तोंड वाकडं केलं. सोसायटीतल्या बायका तिला बघायला येत होत्या आणि ती प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होती. दोन दिवसांत ती बिर्गिटताई झाली. मला मात्र ती "देवदत्त" अशीच हाक मारायची. माझी आई गेल्यापासून मला कुणी देवदत्त म्हटलं नव्हतं.

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते. हार, झेंडूची तोरणं, पेढे. साहेबांनी सकाळीच मला बाजूला घेतलं. "कर्णिक, आज साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. बाईंना खुर्चीत बसवून घेऊ."

"साहेब, राजसी म्हणाली होती, कागद होईपर्यंत काही करायचं नाही."

"पूजेला कुठला व्हिसा लागतो?" साहेबांनी विचारलं. याचं उत्तर राजसीनं मला दिलेलं नव्हतं. मी हार आणायला गेलो.

बिर्गिटताईला एमडीच्या खुर्चीत बसवलं. हार घातला, कुंकू लावलं, हातात आपट्याची पानं दिली. ती गंभीरपणे बसून होती. कामगारांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी फोटो काढला. तो फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एवढीच माझी चूक. पण आमच्या गावात एवढी चूक पुरते, कारण त्या ग्रुपवर विनीत आहे.

विनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वांगणीला प्लॉट विकतो आणि पुढच्या निवडणुकीला नगरसेवक होण्याची इच्छा बाळगून आहे. बारसं असो, बारावीचा निकाल असो, विनीतचा फ्लेक्स लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला स्टेशनकडे निघालो आणि चौकात जागच्या जागी थांबलो.

आमच्या तीन मजली बिल्डिंगच्या निम्म्या उंचीचा फ्लेक्स. मधोमध हार घातलेली बिर्गिटताई. डोक्यावर मोठ्या अक्षरांत, "आमच्या लाडक्या भगिनी मा. बिर्गिटताई यांची एमडीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली एका बाजूला मी, तेही लग्नाच्या कोटातला. दुसऱ्या बाजूला गॉगल लावलेला विनीत, आम्हा दोघांपेक्षा मोठा. रिक्षावाले मान वर करून बघत होते. खरं सांगतो, क्षणभर मी भारावून गेलो. आपला फोटो एवढा मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी फोन आला. परदेशी नागरिकांचं काम बघणारे पोलीस निरीक्षक बोलत होते. आवाज शांत. "कर्णिक ना? तुमच्याकडे पाहुण्या उतरल्यात, तुम्ही स्वतःच कळवलंय. व्हिसा बैठकीचा आहे. आणि चौकात बॅनरवर त्या एमडी झाल्यात. उद्या सकाळी बाईंना घेऊन या."

मी राजसीला फोन लावला. तिनं आधी फ्लेक्सवरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवायला लावला. मग म्हणाली, "काका, बोर्डाचा ठराव नाही, त्यामुळे नेमणूक झालेलीच नाही. पण त्या इथे काम करत होत्या असं कुणी लिहिलं तर कामाचा व्हिसा विसरा. आधी ते बॅनर काढा."

साहेबांना सांगायला गेलो. ते काही रागावले नाहीत. पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणाले, "मुहूर्त माझा हट्ट होता, कर्णिक. मुलीला आज कळवू की उद्या?" मी म्हणालो, "अजून कळवू नका."

विनीतला पकडलं. "काका, टेन्शन नका घेऊ, आपलं सेटिंग आहे," तो म्हणाला.

"सेटिंग नको. फ्लेक्स किती लावलेस?"

"अंबरनाथला दोन, बदलापूरला एक, विठ्ठलवाडी डेपोसमोर एक. आणि वांगणीला आपल्या प्लॉटच्या साइटवर."

"विठ्ठलवाडीला तिला कोण ओळखतं?"

"म्हणूनच तर लावला, काका. ओळख झाली पाहिजे ना!"

आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. बिर्गिटताई म्हणाली, माझ्यामुळे झालंय, मीही येणार. अंबरनाथ, विठ्ठलवाडी, बदलापूर, प्रत्येक ठिकाणी एकच प्रकार. विनीत दोऱ्या कापायचा, लोक जमायचे, फ्लेक्सवरची बाई शेजारीच उभी आहे हे त्यांच्या लक्षात यायचं आणि सेल्फी सुरू व्हायचे. विठ्ठलवाडीला एका काकूंनी तिच्या पाया पडून मुलाच्या नोकरीचा अर्ज दिला. बदलापूरला एका गृहस्थानं मला खडसावलं की बाईमाणूस पुढे गेलेलं तुम्हाला बघवत नाही म्हणून बॅनर उतरवता. माझाच फोटो असलेला बॅनर काखेत धरून मी हे ऐकून घेतलं.

वांगणीला साइटवर नुसते बांबू उभे होते. फ्लेक्स गायब. विनीत म्हणाला, "चोरीला गेला असेल, चला." पण मला चैन पडेना. शोधत शोधत मागच्या पाड्यावर गेलो तर एका गोठ्याच्या उतरत्या छपरावर, डोकं खाली करून, बिर्गिटताई गंभीरपणे आभाळाकडे बघत होती.

गोठा बनूबाईचा. ती बाहेर आली, आधी छपराकडे बघितलं, मग बाईंकडे. "आगो बाय, ही तं तूच हाय!"

मी हात जोडले. सगळं समजावलं, पोलीस, व्हिसा, उद्या सकाळ. बनूबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "ते समदं खरं. पन रातीला पानी आला तं माजी म्हस भिजंल. तिचा आताच यान झालाय, रेडकू बी ल्हान हाय."

मी विनीतला शिडी लावायला सांगितलं. पण बिर्गिटताई आत गेली होती. म्हशीजवळ उकिडवी बसून तिनं कासेला हात लावला, काहीतरी डेनिशमध्ये पुटपुटली, आणि बनूबाईनं न सांगता भांडं पुढे केलं. जन्मभर दूध काढायच्या यंत्रांच्या रिंगा चावून बघणाऱ्या त्या बाईनं हातानं धार काढायला घेतली. म्हैस हललीसुद्धा नाही. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. भांडं भरल्यावर ती उठली आणि मला म्हणाली, "देवदत्त, हे छप्पर राहू दे. उद्या मी त्यांना सांगेन की एक इथे आहे."

"सांगणार?" मी ओरडलोच. "तुम्ही काहीही सांगू नका. बोलायचं ते मी बोलेन."

"त्यांनी विचारलं तर सांगावंच लागेल," ती म्हणाली, आणि त्यावर तिला काही चर्चा करायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांसमोर मी, बिर्गिटताई आणि राजसी असे बसलो. साहेब बाहेर बाकावर. मी पाठ करून आलेलं भाषण सुरू केलं. निरीक्षकांनी हात वर करून मला थांबवलं आणि इंग्रजीत थेट तिला विचारलं, "तुम्ही या कंपनीच्या एमडी आहात?"

"नाही. व्हायची इच्छा आहे."

"खुर्चीत बसलात?"

"हो. खुर्ची डुगडुगत होती. मी स्क्रू घट्ट केला."

हे मला ठाऊक नव्हतं. राजसीनं डोळे मिटले. स्क्रू घट्ट करणं हे काम झालं की नाही, यावर सगळा कारखाना लटकला होता.

"त्याचे पैसे घेतले?"

"पेढा," बिर्गिटताई म्हणाली. मग थोडा विचार करून, "दोन पेढे."

निरीक्षक लिहायचे थांबले. "आणि बॅनर?"

"चार काढले. एक वांगणीला म्हशीच्या डोक्यावर आहे. तो मी काढू दिला नाही."

मग निरीक्षकांनी खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि आमच्यासमोर धरला. फ्लेक्स होता. वर त्यांचाच फोटो, "आमचे मार्गदर्शक मा. साहेबांची बढती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली सातआठ गॉगलवाले.

"दोन वर्षं झाली," ते मराठीत म्हणाले. "बायकोनं पूजा घातली, सासरे गावाहून आले. बढती अजून यायचीय. बॅनरनं नेमणूक होत असती ना कर्णिक, तर मी आज या खुर्चीत नसतो." मग त्यांनी बाईंकडे बघून इंग्रजीत सांगितलं, "जा, तुमच्या देशातून रीतसर व्हिसा घेऊन या. तोपर्यंत स्क्रूला हात लावू नका." जबाब लिहून झाला. सही करायच्या आधी त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला. त्यात म्हैससुद्धा होती.

इतका खरेपणा आणि इतकं सरळ सरकार एकाच खोलीत मी पहिल्यांदा बघितलं. बाहेर आल्यावर मी साहेबांच्या शेजारी बाकावर बसून चक्क रडलो. साहेबांना वाटलं, सगळं संपलं. त्यांना खरं काय ते सांगायला राजसीला पुढे यावं लागलं.

बिर्गिटताई डेन्मार्कला गेली. शिक्के झाले, दोन देश एकमेकांशी बोलले, व्हिसा आला, ती परत आली, नोंदणी झाली. या सगळ्यात थंडी येऊन गेली. मग एका मंगळवारी, ना सण ना मुहूर्त, आम्ही बोर्डाची बैठक घेतली. हार नव्हते. विनीतला तर कळवलंच नव्हतं. राजसीनं ठराव वाचला. डेन्मार्कच्या नागरिक असलेल्या बाईंना अंबरनाथच्या कंपनीचं व्यवस्थापन सोपवण्यात येत आहे, अशा अर्थाची ती लांब वाक्यं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ठरावाच्या बाजूनं मीही संचालक म्हणून हात वर केला. मी, ज्याला नेपाळलाही जाता आलं नाही.

साहेबही हात वर करून होते. ठराव झाल्यावर ते खुर्चीतून उठले आणि बिर्गिटताई बसली. यावेळी खुर्ची डुगडुगली नाही. साहेब मात्र टेबलाच्या अलीकडे उभेच राहिले. थोरले टिपणीस उठले होते तेव्हा कुठे गेले, हे आठवायचा मी प्रयत्न केला. ते घरी गेले होते आणि परत कधी आले नव्हते.

"झालं," साहेब म्हणाले. "आता मी निघतो. मुलीला फोन करतो, तिकीट बघायला सांगतो."

आम्ही कारखाना वाचवला आणि माणसाला खुर्चीतून उठवून दारात आणून सोडलं, हे मला तेव्हा दिसलं. राजसी कागद गोळा करायची थांबली.

बिर्गिटताईनं एमडी म्हणून पहिली आज्ञा केली. ती तिनं मराठीत केली. कमळाबाईंकडून शिकून आली होती, हे मागाहून कळलं.

"मिस्टर टिपणीस, मोल्डिंगचं मशीन मला येत नाही. उद्या आठ वाजता या. उशीर नको."

साहेबांना आयुष्यात असं कुणी सांगितलं नव्हतं. ते अकराला यायचे, आणि कधी कधी बाराला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पॅन्टच्या शिवणीला हात लावून सरळ उभे राहिले.

"येस, मॅडम," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. साहेब माझ्याआधीच गेटबाहेर उभे होते. दाढी गुळगुळीत केलेली, हातात डबा. वॉचमन अजून यायचा होता.